झेब्रा डॅनिओच्या पिल्लांची कवटी: पाचव्या आठवड्यापर्यंतची नोंद

झेब्रा डॅनिओ या छोट्या पट्टेरी माशाच्या पिल्लांची कवटी रंगवून बघायची होती, म्हणून या खेपेला मेलेलं एकही पिल्लू फेकून दिलं नाही. टाकीच्या तळाला गोट्या पसरल्या होत्या, त्यामुळे अंडी आईबापांच्या तोंडी पडली नाहीत. पाणी २८ अंशांवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी जवळपास सगळी पिल्लं बाहेर आली. पुढे जी दगावली ती वयाप्रमाणे वेगळ्या बाटल्यांत, फॉर्मॅलिनमध्ये ठेवली.

गेल्या वेळची चूक आधी सांगतो, कारण ती कुणाच्याही हातून होईल. अल्सियन ब्लू या रंगाने कूर्चा, म्हणजे मऊ लवचिक हाड, निळी होते, अलिझारिन रेडने पक्कं हाड लाल. मी निळा रंग ॲसेटिक आम्लात कालवला होता. कूर्चा सुरेख उठली, पण लाल काही चढेना. आम्लाने हाडातलं कॅल्शियमच धुऊन नेलं होतं, आणि एवढ्याशा जिवात ते असतं तरी किती! यंदा आम्ल वगळून अल्कोहोलमध्ये मॅग्नेशियम क्लोराइड घातलं.

पाचव्या दिवसाचं पिल्लू ग्लिसरिनमध्ये भिंगाखाली धरलं आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. खालचा जबडा निळा, त्यामागे कल्ल्यांच्या कमानी निळ्या. लाल फार थोडं. कल्ल्याच्या झाकणाचं हाड सुरुवातीला नुसती काडी असते, इथे तिचं टोक पंख्यासारखं पसरू लागलं होतं. घशाशी शेवटच्या कमानीवर बारीक दात. डॅनिओच्या जबड्यात दात नसतातच, सगळे घशात. बलक संपत आलेला, आता स्वतः खायचं, म्हणून तोंड आणि कल्ले आधी तयार. मेंदूवर मात्र अजून हाडाचा पत्ता नाही.

माथ्याचं हाड फार उशिरा येतं. पाचव्या आठवड्यातली, एकाच दिवशी जन्मलेली दोन पिल्लं शेजारी ठेवली. ६ मिमीच्या पिल्लाचा माथा कोराच. ९ मिमीच्याला दोन्ही डोळ्यांच्या वरच्या कडेने लाल पाती निघून मध्याकडे सरकत होती, मधे मोठी फट. म्हणून यापुढे वहीत दिवसाआधी लांबी लिहितो. वयावर गेलात तर या दोघांत गोंधळ होणारच.

ही पाती मध्यावर भेटली की एकमेकींवर कौलांसारखी चढतात, पण जुळून एक होत नाहीत. तो सांधा मला जिवंत पिल्लात बघायचाय. त्यासाठी अलिझारिनचं अगदी पातळ द्रावण करून ठेवलंय. मोठ्या पिल्लांपैकी तिघांना वेगळ्या भांड्यात घेतलं आहे, रोज दोनदा आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक जीव) खायला चालू आहे.