एका नावावरच्या तक्रारी

२० मार्चला आमच्या दापोली-मंडणगडाकडूनही महाडला गाड्या भरून जातात. १९२७ साली त्या दिवशी बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले. मी घरून एका गेमिंग अ‍ॅपसाठी मराठी युजरनेम तपासते, आणि या दिवशी जातीवरून शिवीगाळ वाढते हे माझ्या अनुभवाचं आहे.

त्या सकाळी एकाच नावावर तक्रारींचा ढीग पडला होता : 'महाराची पोर'. कारण सगळ्यांनी एकच निवडलेलं, जातिवाचक शिवी. असं नाव यंत्रावर सोडता येत नाही. 'महार' एवढी अक्षरं अडवली की 'महाराष्ट्र' आणि 'महाराज'ही अडकतात. म्हणून ते माणसासमोर येतं.

प्रोफाइलवर निळा झेंडा, तळ्याचा फोटो. नाव पहिल्यापासून तेच. मग तक्रार करणाऱ्यांची खाती उघडली. बहुतेक एकाच ग्रुपातली, तक्रारी लागोपाठ आलेल्या. त्यातल्या एकानं तर तिच्याच नावाची नक्कल करून पुढे घाण शिवी जोडली होती, मध्ये टिंबं टाकून, म्हणजे गाळणीतून सुटावी.

सुपरवायझर मॅडम म्हणाल्या, "दोन्ही काढ गं, वाद नको."

मी नाही म्हटलं. दोन्ही काढली असती तर त्या टोळक्याला हवं तेच झालं असतं. पण प्रश्न सोपा नव्हता. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर असंख्य लोकांनी ती जुनी ओळख टाकली. त्यांच्यातल्या कित्येकांना तो शब्द आजही कानावर नको असतो. त्यांचं दुखणं खरं आहे. मी त्या समाजातली नाही, तेव्हा तिच्या वतीनं मी ठरवणं मला पटेना. अ‍ॅपमधूनच विचारलं, हे नाव तुम्ही स्वतः घेतलंय का?

उत्तर आलं : "हो. शाळेत मला हेच म्हणायचे. म्हणून मीच लावलं. काढणार असाल तर कारण लेखी द्या."

ते वाचून मॅडमना पुन्हा फोन लावला. म्हटलं, नाव कुणी घेतलंय आणि कुणावर फेकलंय, हे बघितल्याशिवाय निकाल देता येणार नाही. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "ठीक आहे, नियमात घालायला मसुदा पाठव."

तिचं नाव राहिलं. नक्कल करणारं खातं बंद केलं, बाकीच्यांना खोट्या तक्रारींबद्दल ताकीद दिली. पाळी संपताना पुढच्या मुलाला सांगितलं, तक्रारी रात्री परत येतील. आधी तक्रार करणाऱ्यांची खाती उघड.