मुक्कामी गाडीचा कंडक्टर

शाळेच्या हीरक महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी वडिलांविषयी चार शब्द लिहा, असा निरोप आला, तेव्हा मला वडिलांच्या आधी डबे आठवले. पितळी, ॲल्युमिनियमचे, कडीचे, बिनकडीचे. फडक्यात गाठ मारून बांधलेले. आमटी झिरपून फडकी पिवळी पडलेली.

माझे वडील, तात्या, पाटण आगारात कंडक्टर होते. मी १९७९ साली पाचवीला आपल्या शाळेत आलो आणि १९८५ साली दहावी होऊन बाहेर पडलो. त्यातली बहुतेक वर्षं तात्यांकडे मोरणा खोऱ्यातली मुक्कामी गाडी होती. संध्याकाळची शेवटची खेप घेऊन जायचं, रात्री गाडी गावातच उभी करायची, आणि पहाटे तीच गाडी पाटणला आणायची. खोऱ्यातली पोरं पाटणात खोल्या घेऊन शिकायला राहायची. त्यांच्या आया पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या आणि डबा गाडीत द्यायच्या. ही काही आमच्याच भागातली गोष्ट नव्हे. महाराष्ट्रात कितीतरी पोरं अशी एसटीच्या डब्यावर शिकली.

गाडी स्टँडवर लागली की तात्या खिडकीतून एकेक डबा खाली द्यायचे, आणि तो शाळेपर्यंत न्यायचं काम माझं. मला ते अजिबात आवडायचं नाही. तात्या हळूच सांगायचे, ‘ह्याचं झाकण सैल हाय, सरळ धर. ह्यात आज गोड हाय, आईनं मुद्दाम सांगितलंय.’ कुणाच्या डब्याला कसली गाठ, हे त्यांना पाठ होतं. मी कुठल्या तुकडीत आहे, हे मात्र विचारलं तर आईकडे बघायचे. घरी असले की दुपारचे झोपलेले, खाकी सदरा खुंटीला.

मग माझं कोण बघायचं? शाळेचे शिपाईमामा. घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोला द्यायचे ते मामा, म्हटलं की सगळ्यांनाच आठवतील. मी डबे घेऊन पोचलो की ते व्हरांड्यात ओळीनं मांडून घ्यायचे. पावसाळ्यात दरड आली, गाडी अडकली, की डबे यायचे नाहीत. मग मामा आपली शिदोरी सोडायचे आणि ज्याचा डबा चुकला त्याला हाक मारायचे. माझा डबा घरूनच यायचा, तरी मलाही बसवायचे. जेवता जेवता पाढे. एकोणतीसचा पाढा मामांनी माझ्याकडून घोकून घेतला. स्वतः चौथीपर्यंत शिकलेले, पण ‘दोनशे बत्तीस’ला अडखळलो की भाकरीचा हात तसाच थांबायचा.

सप्टेंबर १९८० मध्ये कोयनेचे जोराचे धक्के बसले. १९६७ चा भूकंप पाहिलेली माणसं घराघरांत होती, त्यामुळे आमच्या घरच्यांचा जीव टांगणीला. आम्ही मैदानावर, आणि मामा एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजणी करताहेत. मोजून झाल्यावर ते स्टँडवर गेले आणि मोरणेकडे निघालेल्या गाडीच्या ड्रायव्हरला सांगून आले, ‘तात्याला म्हणावं, पोरगं धड हाय.’ फोन कुठला तेव्हा! निरोप तासाभरात पोचला. तात्या त्यावर एवढंच म्हणाले, ‘मामा हायेत तिथं, मला काय घोर न्हवता.’ मला त्याचा राग आला होता. बापाला घोर असायला नको?

चित्रकलेच्या सरांबद्दलही लिहायला हवं. एलिमेंटरीच्या परीक्षेला ते आम्हाला स्वतः घेऊन गेले, आणि परत येताना पावसात माझा ड्रॉइंग बोर्ड आपल्या छत्रीखाली धरून स्वतः भिजत चालले. रेघ चुकली की खोडरबर काढून घ्यायचे. ‘राहू दे ती. तिच्या शेजारी बरोबर रेघ मार.’ पुढे आयटीआयला आरेखकाचा कोर्स केला, पस्तीस वर्षं नकाशे काढले. हात त्यांनी बसवलेला.

आता खरी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आमच्या बॅचचं संमेलन झालं. पुढच्या बॅचचा एक गृहस्थही आला होता. मला बघून म्हणाला, ‘तुम्ही डब्यावाल्या कंडक्टरांचे ना?’ खोऱ्यातलाच. म्हणाला, रात्री गाडी गावात आली, पाराशेजारी उभी राहिली, की तात्या जेवण करून गाडीत आम्हा पोरांना बसवायचे. कंदील मध्ये ठेवायचा आणि पाढे म्हणायला लावायचे. ज्याचे चुकले नाहीत त्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसायला मिळायचं.

‘एकोणतीसचा घ्यायचे का?’ मी विचारलं.

‘तोच तर घ्यायचे!’

मी हसलो, पण घरी येईपर्यंत घशात काहीतरी अडकलं होतं. चौपन्न वर्षांच्या माणसाला हेवा वाटावा, हे सांगायलाही लाज वाटते. तात्या जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. विचारायला कुणी नव्हतं.

मग आईची ट्रंक काढली. तिच्यात माझं सातवीचं प्रगतिपुस्तक सापडलं. त्यावर सही घ्यायला मी स्टँडवर गेलो होतो, कारण तात्या घरी सापडणार नव्हते. गाडी सुटायला दोन मिनिटं. तिकिटांच्या पेटीवर प्रगतिपुस्तक ठेवून त्यांनी शिसपेन्सिलीनं सही केली, गुण बघितले, आणि तिकिटं टोचायच्या पंचनं कोपऱ्याला एक भोक पाडलं. ‘तिकीट झालं. बस आता पुढच्या यत्तेत.’ आणि डबल बेल दिली.

वर्गशिक्षक भडकले होते. त्यांनी लाल शाईनं शेरा मारला तो अजून स्पष्ट आहे: ‘प्रगतिपुस्तकास छिद्र पाडले आहे. पालकांनी नोंद घ्यावी.’

त्याखाली पेन्सिलीनं, तात्यांच्या बारीक अक्षरात: ‘घेतली.’