आमची वाटचाल: बिलांचा डबा

आमच्या वर्कशॉपमध्ये ऑफिस म्हणावं असं काही नाही. एका कोपऱ्यात टेबल, त्यावर बायको हिशेब लिहिते तो कॉम्प्युटर, आणि टेबलाखाली रेडऑक्साइडचा घासून-पुसून घेतलेला रिकामा डबा. आजवर घेतलेल्या प्रत्येक मशीनचं बिल, वॉरंटी कार्ड आणि सर्व्हिसच्या पावत्या त्यात आहेत. फर्मची वाटचाल लिहायची ठरवली तेव्हा मी फोटोंचा अल्बम शोधत होतो. बायकोने हा डबा पुढे सरकवला.

सुरुवातीला आम्ही दोघंच होतो. मी आणि मिस्त्री. मिस्त्री माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, ज्या शेडमध्ये मी हेल्परचं काम शिकलो तिथले. काम तेव्हाही हेच: रॅक, गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे. भांडवल बेताचं, त्यामुळे मशीन घेताना किंमत सोडून दुसरं काही पाहायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. १८० मिलिमीटरचा एक ग्राइंडर, एक ड्रिल, वेल्डिंगचा एक इन्व्हर्टर. तिन्ही दुकानातले सगळ्यात स्वस्त, तिन्हींच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात वॉरंटी. खोकी घरी आणली तेव्हा वाटलं, जिंकलो.

ग्राइंडर तिसऱ्या महिन्यात जळला. धूर, तो ओळखीचा वास, आणि मग शांतता. मी खोक्यासकट सर्व्हिस सेंटर गाठलं. काउंटरवरच्या मुलाने चार स्क्रू काढले, आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, बाहेर ओढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. आर्मेचर एकसारखं काळं झालं होतं. मग त्याने बॉडीत टॉर्च मारून त्याच्याभोवतीची न फिरणारी फिल्ड कॉइल दाखवली, तीही काळी. म्हणाला, “साहेब, दोन्ही जळलंय. ओव्हरलोड. वॉरंटीत बसत नाही.” मी कार्ड पुढे केलं. त्याने ते उलटं करून एका ओळीवर बोट ठेवलं: ‘घरगुती वापरासाठी. व्यावसायिक वापरास वॉरंटी लागू नाही.’ म्हणजे वर्कशॉपच्या नावाचं बिल दाखवलं तिथेच माझा दावा संपला होता. आर्मेचर उघडून दाखवलं ही त्याने वर केलेली मेहरबानी.

मी भांडलो. बरंच भांडलो. परत येऊन मिस्त्रींना सांगितलं, लुटतात साले. मिस्त्रींनी काहीच न बोलता जळकं आर्मेचर हातात फिरवलं आणि म्हणाले, “पोरगा खोटं नाही बोलला. एखादीच कॉइल काळी असती आणि बाकी सगळं लख्ख, तर वाइंडिंगचा दोष, कंपनीचा. हे सगळीकडून सारखं भाजलंय. आपली वायर बघ.”

वायर म्हणजे आमचं एक्स्टेंशन. ३० मीटर लांब, ०.७५ चौरस मिलिमीटरचं, ड्रमवर गुंडाळलेलं. हिशेब मी नंतर केला. जाऊन-येऊन ६० मीटर तांबं, रोध साधारण दीड ओहम. २००० वॉटचं मशीन ९ अँपिअर ओढतं, म्हणजे १३ व्होल्ट वायरीतच गेले. तेवढ्याने मशीन मरत नाही. पण व्होल्टेज कमी म्हणून फेरे कमी, फेरे कमी म्हणून आतला पंखा मंद, आणि कापत नाही म्हणून आम्ही वरून आणखी दाबतोय! करंट वाढतो, हवा घटते. दिवसभर अँगल कापले की तीन महिने हा तसा सन्मानाचाच काळ म्हणायचा. त्याच आठवड्यात आम्ही २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणली आणि ड्रम पूर्ण उलगडल्याशिवाय मशीन लावायचं नाही असा नियम केला.

वेल्डिंग मशीनने वेगळा धडा दिला. खोक्यावर ‘२०० अँपिअर’. आम्ही ४ मिलिमीटरचा रॉड लावून १७० वर चालवायचो, आणि दर थोड्या वेळाने पिवळा दिवा लागून मशीन बंद. तीनदा सर्व्हिसला नेलं, तिन्ही वेळा ‘मशीन ओके’ असा शेरा मारून परत. मागच्या प्लेटवर बारीक आकड्यात सगळं लिहिलेलं होतं: २०० अँपिअरला ३० टक्के. याचा अर्थ दहा मिनिटांत तीन मिनिटं वेल्डिंग, सात मिनिटं विश्रांती. उष्णता करंटच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते, त्यामुळे १७० वर फार तर चार मिनिटं मिळतात आणि न थांबता चालवायचं तर ११०च्या आसपासच राहावं लागतं. मशीनमध्ये दोष नव्हता, आमच्या वाचण्यात होता. तेव्हापासून दुकानात गेलो की मी खोकं समोरून बघतच नाही. मशीन उलटं करून प्लेट वाचतो. सेल्समनला ते आवडत नाही.

प्रत्येक वेळी चूक आमचीच होती असंही नाही. चौथ्या वर्षी चॉप सॉ, म्हणजे टेबलावर ठेवून लोखंड कापायचं मशीन, घेतला, यावेळी व्यावसायिक श्रेणीतला, वॉरंटी एक वर्ष. पाचव्या महिन्यात गिअर गेला. आम्ही काही वेडंवाकडं केलं नव्हतं, सर्व्हिसवाल्यांनीही ते मान्य केलं. पुढे सुरू झाला पार्टचा प्रवास. ‘ऑर्डर टाकलीय.’ ‘गोडाऊनला शॉर्टेज आहे.’ ‘पुढच्या आठवड्यात.’ हेल्पलाइनला फोन केला की दरवेळी नवा आवाज, नवा तक्रार क्रमांक, आणि मी पहिल्यापासून तीच कथा सांगतोय. नऊ आठवडे! त्या काळात आम्ही चॅनेल हाताच्या ग्राइंडरने कापले, दोन ऑर्डर उशिरा गेल्या आणि एक गिऱ्हाईक कायमचं तुटलं.

सुटलं ते बायकोमुळे. ती म्हणाली, फोनवर भांडू नकोस, तुझ्या आवाजाची कुणी पावती देत नाही. तिने एका पानाचा ईमेल लिहिला. वर बिल नंबर, मॉडेल, सिरियल नंबर. खाली तारीखवार सहा ओळी: कधी दिलं, कुणी काय सांगितलं, कोणता तक्रार क्रमांक. शेवटी एकच मागणी: अमुक तारखेपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर बदलून द्या. सोबत प्लेटचा आणि सर्व्हिसच्या पावतीचा फोटो. एकही चढा शब्द नाही. चौथ्या दिवशी पार्ट आला. आता नऊ आठवडे न सापडलेला गिअर चार दिवसांत कुठून उगवला, हे मी विचारलं नाही. दुरुस्तीत गेलेले दिवस वॉरंटीत वाढवून द्या, असंही आम्ही लिहून मागितलं. ते काही मिळालं नाही.

तेव्हापासून हा डबा आहे. डब्यालाही शिकावं लागलं. पहिल्या वर्षाची बिलं गुळगुळीत कागदावरची, उन्हाने आणि शेडच्या उष्णतेने पार कोरी झाली. एका मशीनची वॉरंटी शिल्लक होती आणि हातात पांढरा कागद. आता बिल आलं की त्याच दिवशी झेरॉक्स आणि फोटो. मशीनच्या प्लेटचाही फोटो, कारण तेलकट हातांनी दोन महिन्यांत स्टिकरवरचा नंबर पुसतो. काही कंपन्या खरेदीनंतर ठरावीक मुदतीत ऑनलाइन नोंदणी केली तर वॉरंटी वाढवून देतात. ते काम बायको मशीन खोक्यातून निघायच्या आत उरकते.

खरेदीची रीतही बदलली. नवं मशीन बघायला गेलो की मी आधी मशीन मागत नाही. स्पेअर पार्टच्या काउंटरवर जाऊन त्या मॉडेलचा कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला घासून करंट देणारा तुकडा), स्विच आणि आर्मेचर मागतो. तिन्ही वस्तू समोर आल्या तर पुढची बोलणी. ‘मागवून देऊ’ म्हणाला की मी चहा न घेता निघतो. कार्बन, चक, वायर अशा झिजणाऱ्या गोष्टी तशाही वॉरंटीत धरत नाहीत, आणि ग्राइंडर बंद पडून आमच्याकडे येतो तो बहुतेक वेळा कार्बनमुळेच. पाच-सहा मिलिमीटर उरला की जोडीने बदलायचा. एकच बदलला तर दुसरा कम्युटेटर, म्हणजे आर्मेचरवरची तांब्याची रिंग, खातो आणि मग पाच मिनिटांचं काम आर्मेचरवर जातं.

स्वस्त हत्यारांना माझा विरोध नाही, उलट आमच्या भिंतीवरची निम्मी हत्यारं स्वस्तच आहेत. हातोडे, एफ क्लॅम्प, फिक्स पाने, छिन्न्या. वर्षातून चारदा लागणारी मशीनंही आम्ही स्वस्तच घेतो. घरगुती मशीन वाईट असतं असं नाही, ते रोज आठ तास चालवायला केलेलं नसतं. बॉश तर दोन्ही वेगळ्या रंगांत काढते, हिरवं घरासाठी आणि निळं धंद्यासाठी. वॉरंटी कार्ड न वाचणाऱ्यालाही तेवढं कळतं. मापाच्या वस्तूत मात्र मी तडजोड करत नाही. काटकोन बघायचा गुण्या घ्यायचा तर दुकानातच तपासतो: सरळ कडेला लावून पेन्सिलीने रेघ मारायची, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारायची. दोन रेघांमध्ये जी फट दिसते ती चुकीच्या दुप्पट असते. वाकडा गुण्या वॉरंटीत बदलून मिळेलही, पण त्यावर बनवलेलं गेट कोण बदलून देणार?

ग्राइंडरचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. कटिंग व्हीलच्या मधल्या पत्र्याच्या रिंगवर महिना आणि वर्ष छापलेलं असतं. ती मुदत असते, साधारण तीन वर्षांची. स्वस्तात मिळालेली पेटी कधीकधी त्यामुळेच स्वस्त असते. आणि लहान ग्राइंडरचं गार्ड काढून त्यावर मोठी चकती लावणारे महाभाग मी पाहिलेत. मिनिटाला ११,००० फेऱ्यांवर १८० मिलिमीटरच्या चकतीची कड सेकंदाला १०० मीटरच्या पुढे जाते, आणि चकतीवर मर्यादा छापलेली असते ८० ची. आमच्याकडे हे करणाऱ्याला मिस्त्री त्याच दिवशी घरी पाठवतात.

सहाव्या वर्षी आम्ही स्वतः वॉरंटी द्यायला लागलो. रॅक आणि गेटवर एक वर्ष: वेल्डिंगचे सांधे आणि गेटची चाकं. बिलामागे मी मोठ्या ऐटीत अटी छापल्या. रंगावरचे ओरखडे नाहीत. क्षमतेपेक्षा जास्त वजन टाकल्यास नाही. आम्हाला न विचारता दुसऱ्याकडून वेल्डिंग करून घेतल्यास नाही.

सातव्या महिन्यात एक गिऱ्हाईक आलं, रॅकचा खण मधोमध वाकलेला. मी जाऊन पाहिलं. खणाची क्षमता १५० किलो, आणि ती सगळीकडे सारखं वजन पसरलं तर. त्यांनी मधोमध एकच मोटर ठेवली होती. वजन दीडशेच्या आतच असेल, पण एकाच जागी. मी म्हणालो, “साहेब, हे ओव्हरलोड आहे. वॉरंटीत बसत नाही.” वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला काउंटरवरचा तो मुलगा आठवला. गिऱ्हाईकही माझ्यासारखंच लाल झालं होतं.

नियमाने मी बरोबर होतो. पण सारखं पसरलेलं वजन म्हणजे काय, हे त्या माणसाला कुणी सांगितलं होतं? बिलामागे बारीक अक्षरात फक्त ‘क्षमतेपेक्षा जास्त’ एवढंच होतं. मिस्त्रींशी बोललो आणि खण फुकट बदलून दिला, खाली मधोमध एक आडवा अँगल जोडून. गुरुवारी देतो म्हणालो आणि गुरुवारी दिला. आता प्रत्येक रॅकच्या खांबाला डोळ्यांच्या उंचीवर पत्र्याची पट्टी असते: १५० किलो, सगळीकडे सारखं, मधोमध एकच वस्तू असेल तर ७५. पंचाने ठोकलेले आकडे, पुसत नाहीत.

आज आम्ही सात जण आहोत. मिस्त्री आता मशीनवर कमी आणि पोरांच्या मागे जास्त असतात. तो जळलेला आर्मेचर दाराजवळच्या खिळ्याला टांगलाय. नवा हेल्पर आला की मिस्त्री तो खाली काढून त्याच्या हातात देतात आणि विचारतात, सांग बघू, दोष कुणाचा?

परवा मोठ्या ड्रिलचा स्विच गेला. वॉरंटीचे अजून दोन महिने आहेत, सर्व्हिसवाल्यांनी सोमवार सांगितलाय. पावती डब्यात ठेवलीय आणि बायकोने तिच्या वहीत तारीख लिहून ठेवलीय. मंगळवारी सकाळी ईमेल जाईल.