शफल बंद कर ना!

"मावशी, शफल बंद कर ना, डोकं गरगरतंय."

शफल लावलेलंच नव्हतं. यो ला टेंगो या अमेरिकन बँडचा १९९७ चा अल्बम पहिल्यापासून ओळीने चालू होता. आधी गिटारचा खरखरीत कल्लोळ, मग अलगद बोसानोव्हा (ब्राझीलचं संथ, डुलतं संगीत), मधेच अमेरिकन गावाकडच्या कंट्री संगीताची हुरहुर, आणि शेवटाकडे दहा मिनिटांहून लांब चाललेला ऑर्गनचा गोंगाट.

"हे सगळं एकाच बँडचं?" भाच्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

एकाच. आणि माणसं फक्त तीन. आयरा कॅप्लन आणि जॉर्जिया हबली या नवरा-बायकोने १९८४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत, होबोकनला बँड सुरू केला. नव्वदीच्या सुरुवातीला जेम्स मॅकन्यू आला, तो आजही आहे. जॉर्जिया ड्रम बडवते, पण गाते मात्र कानात कुजबुजल्यासारखी. (मला तीच जास्त आवडते.) २०२३ मध्येही त्यांचा नवा अल्बम आला. प्रचंड हिट म्हणावं असं गाणं नाही, तरी चार दशकं चाललंय.

भाचा शेवटपर्यंत ऐकत बसला. मग फोन पुढे करून म्हणाला, "पण मी हे कुठल्या प्लेलिस्टमध्ये टाकू? रॉक, चिल की झोपायच्या वेळची?"

मला उत्तर सुचलं नाही. तुम्ही कुठे टाकाल?