नववा नंबर

आज गुड फ्रायडेची (१८ एप्रिल २०२५) सुट्टी आहे, कालपासून डोक्यात जे साठलंय ते आत्ताच लिहून टाकते.

काल सकाळी साडेसातला एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची मॅच होती, माझी टीम सॅक्रामेंटो किंग्स विरुद्ध डॅलस मॅव्हरिक्स. तिकडे बुधवार संध्याकाळचे सात, इकडे डोंबिवलीत गुरुवार सकाळ. थंडीत ह्याच वेळेच्या मॅचेस आपल्याकडे साडेआठला लागतात, मग अर्धी मॅच ट्रेनमध्ये फोन छातीशी धरून बघायची आणि मुंब्र्याच्या बोगद्यात नेट गेलं की स्कोअर काय झाला असेल ह्याचा अंदाज लावत बसायचं. मार्चमध्ये त्यांची घड्याळं एक तास पुढे जातात म्हणून काल निदान पहिला हाफ घरी, टीव्हीवर, बाबांच्या शेजारी बसून बघता आला. आणि तोच बघवला नाही.

आम्ही किंग्सवाले हरलो. १२०-१०६, तेसुद्धा घरच्या कोर्टवर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एनबीएचे दोन गट, ईस्ट आणि वेस्ट, आम्ही वेस्टमध्ये. वेस्टमध्ये १५ टीम्स, प्रत्येकीच्या ८२ मॅचेस झाल्या की पहिल्या सहा थेट प्लेऑफमध्ये, म्हणजे चॅम्पियन ठरवणाऱ्या बाद फेऱ्यांमध्ये जातात. सात ते दहा नंबरवाल्यांना प्ले-इन खेळावं लागतं. त्यात नववा आणि दहावा एकमेकांशी भिडतात, हरला तो घरी, जिंकला त्याला अजून एक मॅच दुसऱ्याच्या गावात जाऊन जिंकावी लागते तेव्हा कुठे आठवी जागा मिळते. आम्ही ४०-४२, म्हणजे ४० जिंकलो, ४२ हरलो, नववे. गेल्या वर्षी पण नववेच होतो, पण तेव्हा ४६ मॅचेस जिंकून नववे होतो आणि प्ले-इनमध्ये वॉरियर्सना घरी बोलावून धुतलं होतं, मग न्यू ऑर्लिन्सला जाऊन हरलो. यंदा पहिलीच पायरी चढता आली नाही. दुसऱ्या क्वार्टरमध्ये डॅलसचा क्ले थॉम्पसन एकामागून एक थ्री (लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट) टाकत होता, त्याच्या अंगावर कुणी जातच नव्हतं, आणि हाफटाइमपर्यंत मॅच हातातून गेली होती. आमचा मलिक मंक दुखापतीमुळे बाहेर. डेरोझन एकटा भिडत होता. बाबा चहाचा कप खाली ठेवून एवढंच म्हणाले, "ह्यांना बॉल कोणी आणून देतंय की नाही?"

बाबांना बास्केटबॉलमधलं फार कळत नाही असं ते स्वतःच म्हणतात, पण काल ते अगदी बरोबर बोलले, त्याच्याकडे येतेच.

आधी हे सांगते की ठाणे जिल्ह्यातली मुलगी कॅलिफोर्नियातल्या, प्लेऑफला न जाण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या टीमची कशी झाली. ऑक्टोबर २०१९, वरळीचा एनएससीआय डोम. एनबीएच्या टीम्स भारतात पहिल्यांदा खेळायला आल्या होत्या, किंग्स आणि इंडियाना पेसर्स, दोन प्री-सीझन मॅचेस. पहिली शुक्रवारी, शाळेतल्या मुलांसाठी, ती ओव्हरटाइमला गेली आणि पेसर्स एका पॉइंटने जिंकले. दुसरी शनिवारी, तिला मी आणि माझा मामेभाऊ गेलो होतो. बाबांनी पेपरात वाचलं होतं की किंग्सचे मालक विवेक रणदिवे, मुंबईत जन्मलेले, जुहूला वाढलेले, तिकडे एमआयटीत शिकून कंपनी काढली आणि २०१३ मध्ये ही टीम घेतली, नाहीतर ती सिएटलला जाणार होती. बाबा म्हणाले, "रणदिवे म्हणजे आपलेच की, त्यांच्याकडून ओरड." मी ओरडले. आम्ही १३०-१०६ हरलो. पण डी'एरन फॉक्स डाव्या हातात बॉल घेऊन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला असा गेला की मी शाळेत आठ वर्षं खेळून सुद्धा एवढा वेग जवळून कधी पाहिला नव्हता, टीव्हीवर तो वेग कळतच नाही, समोर बसल्यावर बुटांचा आवाज आधी ऐकू येतो आणि माणूस मागून दिसतो असं वाटतं. त्या दिवसापासून मी किंग्सची.

त्यानंतर काय काय बघितलं. २००६ नंतर एकदाही प्लेऑफ नाही, सलग १६ सीझन, एनबीएच्या इतिहासात एवढा मोठा दुष्काळ कुणाचाच नाही. आणि मग २०२२-२३! माइक ब्राउन कोच म्हणून आला, ४८ मॅचेस जिंकल्या, वेस्टमध्ये तिसरे. जिंकलं की स्टेडियमच्या छतावरून आभाळात जांभळा लेझर सोडायचे आणि अख्खं शहर "लाइट द बीम" ओरडायचं. पहिल्या राउंडला वॉरियर्सशी सातव्या मॅचपर्यंत गेलो आणि तिथे त्यांच्या स्टेफ करीने ५० पॉइंट टाकले. रडले होते मी, पण ते रडणं चांगलं होतं, कारण वाटलं होतं की आता दरवर्षी असं काहीतरी होणार. ब्राउनला कोच ऑफ द इयर दिलं, एकमताने.

आणि त्याच ब्राउनला ह्या डिसेंबरमध्ये काढला.

हे मला अजून पचलेलं नाही. जूनमध्ये त्याचा करार वाढवला होता. सीझनमध्ये अटीतटीच्या मॅचेस हरत होतो हे खरंय, फॉक्सने नोव्हेंबरमध्ये मिनेसोटाविरुद्ध ६० टाकले, फ्रँचायझीचा रेकॉर्ड, आणि ती मॅच पण ओव्हरटाइमला हरलो. मग २६ डिसेंबरला डेट्रॉइटविरुद्ध शेवटच्या तीन सेकंदात तीन पॉइंटनी पुढे होतो, फॉक्सने थ्री मारणाऱ्यावर फाउल केला, बॉल आत गेला, वर फ्री थ्रो, एका पॉइंटने हरलो. दुसऱ्या दिवशी ब्राउन गेला. १३-१८. अजून ५१ मॅचेस बाकी होत्या, ५१!

रणदिवेंनी ही टीम सॅक्रामेंटोत ठेवली, डाउनटाउनला नवं स्टेडियम उभं राहिलं, वरळीला टीम आणली, ह्याबद्दल त्यांचं ऋण मी कधी विसरणार नाही. पण १२ वर्षांत आठ कोच झाले. मॅलोन, कॉर्बिन, कार्ल, जोर्गर, वॉल्टन, जेंट्री, ब्राउन, आता क्रिस्टी. मॅलोनला २०१४ मध्ये ११-१३ वर काढला, टीमचा सगळ्यात मोठा खेळाडू कझिन्स तेव्हा मेनिंजायटिसने आजारी होता. तोच मॅलोन पुढे डेन्व्हरला जाऊन २०२३ मध्ये चॅम्पियन झाला. जोर्गरने ३९ मॅचेस जिंकून दिल्या, २००६ नंतरचा तोपर्यंतचा सगळ्यात चांगला सीझन, त्याला सीझन संपल्या संपल्या काढला. डाळ शिजायच्या आत कुकर उघडायचा आणि मग कच्ची राहिली म्हणून डाळीलाच नावं ठेवायची, हे किती वेळा करणार.

डग क्रिस्टी आला तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. २००२ च्या त्या किंग्समधला माणूस, लेकर्सविरुद्ध सातव्या मॅचला ओव्हरटाइममध्ये जे हरले त्यातला. त्याने आल्यावर सलग सात जिंकून दिल्या, त्यात बॉस्टनला बॉस्टनमध्ये हरवलं. जानेवारीत मी रोज टेबल बघत होते, सहावी जागा किती मॅच लांब आहे ते.

मग फेब्रुवारी. रविवारी सकाळी डॅलसचा स्टार लुका डॉन्चिच लेकर्सला गेल्याची बातमी आली, सगळे तेच बोलत होते. सोमवारी सकाळी दात घासताना फोन बघितला तर आमच्या टीमने फॉक्सला सॅन अँटोनिओला देऊन टाकलेलं. त्याच्या बदल्यात शिकागोहून झॅक लावीन, काही खेळाडू, काही पिक्स (पुढच्या वर्षांत नवे खेळाडू निवडायचे हक्क). लावीन वाईट नाही, शूटर म्हणून मला आवडतो. पण लावीन आणि डेरोझन ही जोडी शिकागोत तीन वर्षं होती, त्यात एकदाच प्लेऑफ, मग दोन वर्षं प्ले-इन, हे माहीत असताना तीच जोडी आपण पुन्हा जमवली. आणि पॉइंट गार्ड? बॉल वर आणणार कोण, सेट कोण लावणार? मंकला ते काम दिलं, त्याचं ते काम नाही. साबोनिस सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा, असून पास देत राहिला, लीगमध्ये सगळ्यात जास्त रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल) घेणारा माणूस, सलग तिसऱ्या वर्षी, पण मार्चमध्ये तोही दुखापतीने बसला. मार्चच्या सुरुवातीला आमच्या जिंकलेल्या मॅचेस हरलेल्यांपेक्षा जास्त होत्या. तिथून घसरण झाली ती रोज थोडी थोडी, आज ऑर्लँडो, उद्या अजून कोणी, आणि मी रोज गणित करत होते की ह्यातल्या चार जिंकल्या तर, फिनिक्स दोन हरलं तर.

म्हणून बाबा जे म्हणाले ते बरोबर होतं. बॉल आणून देणाराच आम्ही देऊन टाकलाय. पॉइंट गार्ड हॅलिबर्टनही आमचाच होता, २०२२ मध्ये साबोनिससाठी दिला, तो पेसर्सना गेल्या वर्षी कॉन्फरन्स फायनलला, म्हणजे ईस्टच्या अंतिम फेरीला घेऊन गेला. आणि २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडताना, दुसरा नंबर आमच्याकडे होता, लुका समोर होता, आम्ही बॅगली घेतला.

मॅच संपल्यावर थोड्याच वेळात जनरल मॅनेजर मॉन्टे मॅकनेअरही जातोय अशी बातमी आली. म्हणजे अजून एक नवीन माणूस, अजून एक नवीन प्लॅन. मी तेव्हा ट्रेनमध्ये होते, दिवा आलं होतं.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, पुढचा सीझन कधी सुरू होतो. मी म्हटलं ऑक्टोबरमध्ये. ते म्हणाले, "तोवर एखादा बॉल आणणारा बघायला सांग रणदिवेंना." आईने विचारलं कसला बॉल, आणि आम्ही दोघांनी तिला ताटातल्या लिंबाच्या फोडी आणि चमचे मांडून पॉइंट गार्ड काय करतो ते समजावलं, साडेदहापर्यंत.