पाइनफोन आणि लॅपटॉप यांच्यात ब्लूटूथचे नेटवर्क

गेले काही महिने मी पाइनफोन या लिनक्सवर चालणाऱ्या फोनवरच्या स्क्वीकबोर्ड या कीबोर्डसाठी स्वतःच्या सोयीची मराठी मांडणी तयार करतो आहे. ‘ळ’ आणि ‘ज्ञ’ शोधत बसावे लागू नये, एवढीच माझी अपेक्षा आहे. ही मांडणी म्हणजे एक साधी मजकुराची फाइल असते. पण तिच्यात प्रत्येक वेळी बदल केला की ती लॅपटॉपवरून फोनवर न्यावी लागते. यूएसबी केबलने हे काम होते, मात्र फोनला टाइप-सीचे एकच पोर्ट असल्यामुळे तेवढा वेळ चार्जरला जागा उरत नाही. मी जेथे बसून काम करतो तेथील वाय-फायवर एका यंत्राला दुसरे यंत्र दिसूच नये अशी व्यवस्था केलेली आहे, त्यामुळे तोही मार्ग बंद होता. राहिले ब्लूटूथ.

ब्लूटूथ म्हटले की आपल्याला हेडफोन आणि फोटोंची देवाणघेवाण आठवते. परंतु त्यात नेटवर्कचीही सोय आहे आणि तिला पॅन (पर्सनल एरिया नेटवर्क) म्हणतात. दोन यंत्रांपैकी एक नेटवर्क पुरवते, त्या भूमिकेचे नाव नॅप; दुसरे ते वापरते, त्याचे नाव पॅनयू. या दोघांमध्ये बीएनईपी नावाचा प्रोटोकॉल इथरनेटच्या चौकटी (डेटाचे तुकडे) ब्लूटूथवरून वाहून नेतो, म्हणून लिनक्सला ही जोडणी एखाद्या नेटवर्क कार्डासारखीच दिसते. एकदा ते कार्ड उभे राहिले की आयपी पत्ता, एसएसएच (दुसऱ्या यंत्रावर दुरून काम करण्याची सोय), फायरवॉल (नेटवर्कची ये-जा नियमांनी अडवणारी व्यवस्था) हे सारे नेहमीच्याच रीतीने चालते. मला ही रचना फार आवडते, कारण बिघाड झाला तर तो नेमक्या कोणत्या थरात आहे, हे एकेक थर तपासून शोधता येते.

मी लॅपटॉपला नॅप केले आणि फोनला पॅनयू, कारण फोनला लॅपटॉपचे इंटरनेटही मिळावे अशी इच्छा होती. लॅपटॉपवर डेबियन हे लिनक्स आहे, फोनवर त्याचेच मोबाइल रूप मोबियन. इंटरनेटवर सापडणाऱ्या जुन्या लेखांत ‘पॅनडी’ हा आदेश वापरायला सांगितलेला असतो. तो ब्लूझेड या लिनक्सच्या ब्लूटूथ प्रणालीच्या पाचव्या आवृत्तीपासून काढून टाकलेला आहे, तेव्हा ते लेख वाचण्यात वेळ घालवू नये. त्याऐवजी ब्लूझेड-टूल्स या पॅकेजमधला ‘बीटी-नेटवर्क’ हा आदेश घ्यावा. त्याला एका ब्रिजचे (नेटवर्क कार्डे एकत्र जोडणाऱ्या आभासी पुलाचे) नाव द्यावे लागते, आणि फोन जोडला गेला की तयार होणारे बीएनईपी० हे कार्ड ब्लूझेड आपणहून त्या ब्रिजमध्ये टाकते. आयपी पत्ता त्या कार्डाला नव्हे, ब्रिजला द्यायचा असतो. मी पहिल्या दिवशी तो कार्डाला दिला होता आणि संध्याकाळपर्यंत त्यातच अडकलो. शेवटी ब्रिजला १०.९९.०.१ हा पत्ता दिला आणि फोनला पत्ता वाटण्याचे काम डीएनएसमास्क या प्रोग्रामकडे सोपवले.

येथे क्रम महत्त्वाचा आहे, आणि ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर बरे झाले असते. पेअरिंग होताना फोन समोरच्या यंत्राच्या सेवांची यादी विचारून घेतो आणि ती जपून ठेवतो. नॅपची सेवा सुरू करण्यापूर्वीच पेअरिंग केले असेल, तर त्या यादीत नेटवर्कचा उल्लेखच नसतो आणि फोनवर जोडणीचा पर्याय दिसत नाही. म्हणून आधी लॅपटॉपवर सेवा सुरू करावी, जुने पेअरिंग दोन्हीकडून पुसावे आणि मग नव्याने करावे. त्यानंतर लॅपटॉपवर फोनला ‘ट्रस्ट’ करावे, म्हणजे प्रत्येक जोडणीला परवानगी विचारली जात नाही. फोनवर ब्लूटूथच दिसत नसेल, तर मागचे झाकण काढून सहा बारीक स्विचांपैकी दुसरा पाहावा. वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही त्या एकाच स्विचने बंद होतात.

एवढे सगळे केल्यावर फोनवर बीएनईपी० उभे राहिले, पण त्याला पत्ता मिळेना. लॅपटॉपवर टीसीपीडंप (येणारीजाणारी पॅकेटे, म्हणजे डेटाचे तुकडे, दाखवणारे साधन) लावून पाहिले तर फोनची डीएचसीपीची, म्हणजे पत्ता मागणारी, विनंती दर काही सेकंदांनी येऊन पोहोचत होती, आणि डीएनएसमास्कच्या नोंदीत मात्र तिचा मागमूस नव्हता. पॅकेट दारापर्यंत येते आणि आत पोहोचत नाही, याचा अर्थ मधला दरवानच त्याला अडवतो. टीसीपीडंप फायरवॉलच्या अलीकडे उभे राहून पाहते, म्हणून त्याला ते पॅकेट दिसत होते. माझ्याच फायरवॉलमध्ये बाहेरून येणारे सारे नाकारण्याचा नियम होता. केवळ त्या ब्रिजपुरते यूडीपीचे ६७ (पत्ता मागण्यासाठीचे) आणि ५३ (संकेतस्थळांची नावे शोधण्यासाठीचे) हे पोर्ट मोकळे केले आणि पुढच्याच विनंतीला फोनला पत्ता मिळाला.

तरीही फोनवरून लॅपटॉप दिसे, बाहेरचे जग दिसत नसे. आयपी फॉरवर्डिंग (आलेली पॅकेटे पुढे पाठवणे) चालू होते, मास्करेडचा (फोनची पॅकेटे लॅपटॉपच्या पत्त्याने बाहेर पाठवण्याचा) नियमही होता. दोष डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्रामच्या बाजूला निघाला: डॉकर बसवले की ते पुढे पाठवण्याच्या पॅकेटांसाठी मूळ धोरण ‘ड्रॉप’ (टाकून देणे) असे करून ठेवते, आणि त्यात माझ्या ब्रिजची पॅकेटेही गळून पडत होती. ब्रिजसाठी दोन नियम वाढवल्यावर प्रश्न मिटला.

वेगाची अपेक्षा माफक ठेवावी. ईडीआर या ब्लूटूथच्या वेगवान प्रकाराचा कागदावरचा वेग ३ मेगाबिट प्रति सेकंद असला तरी प्रत्यक्ष मजकुरासाठी त्यातले सुमारे २.१ मेगाबिटच उरतात, तेही दोन्ही यंत्रे जवळ असताना. पाइनफोनमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर, एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, म्हणून मी काम करताना फोनचे वाय-फाय बंद ठेवतो. एसएसएचवर टाइप करायला, फाइल पाठवायला, पत्रे वाचायला हा वेग पुरतो. शेकडो मेगाबाइटचे अपडेट मात्र मी घरच्या वाय-फायवरच करतो.

एक शेवटची अडचण उरली होती. बीटी-नेटवर्कची प्रक्रिया बंद झाली की ब्लूझेडमधली नॅपची नोंदही पुसली जाते, त्यामुळे टर्मिनलची खिडकी चुकून बंद केली तरी नेटवर्क जात असे. त्यासाठी सिस्टमडी या लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीची एक छोटी सेवा लिहिली, जी ब्लूटूथ सुरू झाल्यानंतर ब्रिज उभा करून हा आदेश चालवत ठेवते. डीएनएसमास्कमध्ये फोनच्या ब्लूटूथ पत्त्यासमोर १०.९९.०.२ हा कायमचा पत्ता लिहून टाकला. आता सकाळी लॅपटॉप उघडतो, फोनवर ब्लूटूथच्या यादीत त्याच्या नावावर बोट ठेवतो, आणि चार्जरला लावलेल्या फोनवर मांडणीची नवी फाइल पाठवतो. ‘ज्ञ’ची जागा अजून ठरायची आहे.