आमची वाटचाल : अप्पा बळवंत चौक आणि आमचं बाइंडिंग

पुण्यात पुस्तकं कुठं मिळतात, हे कुणाला विचारावं लागत नाही. बाजीराव रस्त्यावरचा अप्पा बळवंत चौक, म्हणजे सगळ्यांचा एबीसी. पानिपतच्या मोहिमेत पडलेल्या बळवंतराव मेहेंदळ्यांचे चिरंजीव सरदार अप्पा बळवंत यांचं नाव चौकाला आहे. पुस्तकं इथं आली ती शाळांमुळे, असं वडील सांगत. नूतन मराठी विद्यालय 1883 चं, हुजूरपागा 1884 ची. दोन्ही हाकेच्या अंतरावर. शाळांमागून वह्या-पुस्तकांची दुकानं आली, त्यांच्यामागून कागदवाले आणि छापखाने, आणि या सगळ्यांच्या जिवावर आम्ही बाइंडर.

वडील आधी दुसऱ्यांकडे कारागीर होते. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. नंतर कित्येक महिने लोक चिखलानं माखलेल्या चोपड्या, पोथ्या घेऊन येत. चिकटलेली पानं पातीनं सोडवायची, झटकायची, पुन्हा शिवायची. त्या कामातून ओळखी झाल्या आणि त्यांनी स्वतःचा गाळा घेतला.

आमची ओळख जुजबंदीची. सोळा पानांचा एकेक फॉर्म घडीतून दोऱ्यानं शिवायचा, मग पाठीला खळ. खळ मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कागद खाणारी कसर लागत नाही. असं पुस्तक टेबलावर सपाट उघडतं आणि पान निसटत नाही. हल्ली पाठ कापून नुसता गोंद लावतात. स्वस्त पडतं, लवकर होतं, पण रोज हाताळायच्या पुस्तकाला आम्ही ते सुचवत नाही. ग्रंथालयांची कामं आमच्याकडे टिकली ती यामुळेच.

जून मात्र वेगळा. फुटपाथवर पाय ठेवायला जागा नसते. हातात शाळेची यादी घेतलेले आईवडील, अर्ध्या किमतीत जुनी पुस्तकं शोधणारी मुलं, गावाकडून एमपीएससीसाठी आलेले विद्यार्थी. त्यांच्या नोट्सना स्पायरल, पीएचडीवाल्यांना रेक्झिनवर सोनेरी अक्षरं. या कामांनीच आम्हाला तारलं, कारण 2020 मध्ये शाळा बंद पडल्या तशी पाठ्यपुस्तकांची कामं जवळजवळ थांबली होती.

सप्टेंबर 2024 मध्ये कसबा पेठेपर्यंत मेट्रो आली आणि पिंपरी-चिंचवडची गिऱ्हाइकं वाढली. गाडी लावायला जागा नाही म्हणून जे यायचं टाळत, तेही आता पिशवीत जुना शब्दकोश घालून येतात.

उपनगरात मोठी जागा घ्या, असं बरेच जण सुचवतात. जागा मिळेलही. पण इथं सकाळी पुठ्ठा संपला तर दुपारच्या आत शेजारून येतो, छापखान्यातून फॉर्म हातगाडीवर येतात, आणि एखाद्या पोथीचं पान गहाळ असेल तर तीच आवृत्ती कुठं मिळेल हे सांगणारा विक्रेता समोरच बसलेला असतो. माझी मुलगी आता जुजबंदी शिकतेय. तिनंही जागा इथलीच मागितली आहे, वरच्या मजल्यावरची.